वहीतील गीत मंडळीच्या मुखी

वाचनासाठी उतारे : अनुवाद ३१:१९-२२, १ इतिहास २५:१-८, स्तोत्रसंहिता १३, १ करिंथ १४:२६, कलस्सै ३:१६.



नाताळ महिन्यावर आला की आपल्या बहुतेक मंडळ्यांत एक गोष्ट हटकून घडते. उपासना संपते, लोक चपला घालू लागतात, आणि कोणीतरी पाळकसाहेबांजवळ येऊन, किंचित संकोचाने, खिशातून घडी घातलेला कागद काढतो. "एक गाणं केलंय. बघता का जरा?" हा मनुष्य कवी म्हणून कोणाला ठाऊक नसतो. तो रेल्वेत कारकून असतो, शिंपी असतो, नर्स असते, निवृत्त शिक्षक असतो. पुष्कळदा त्याच्या घरी अशी गीते लिहिलेली एक वहीच असते आणि ती त्याने फार थोड्यांना दाखविलेली असते. हल्ली कागदाच्या जागी मोबाईल आला, एवढाच फरक.

अशा हौशी गीतकारांचा या पाठात आपण विचार करू. ते का लिहितात? त्यांच्या सवयी कोणत्या? आणि मंडळीने त्यांच्या कागदाचे काय करावे? हा विषय किरकोळ वाटेल, पण तसा नाही. रविवारचा संदेश सोमवारी कितीजणांना आठवतो हे आम्ही उपदेशक जाणतो. गीत मात्र घरी जाते, भाकरी थापताना ओठांवर येते आणि आजारात उशाशी बसते. मोशेच्या अखेरच्या दिवसांत देवाने त्याला एक गीत लिहून इस्राएलाला शिकविण्यास सांगितले, ते याच कारणाने. पुढे लोक बहकले तरी ते गीत त्यांच्या संततीच्या मुखातून जाणार नाही आणि साक्ष देत राहील, असे अनुवाद ३१:२१ मध्ये म्हटले आहे. तेव्हा गीत रचणारा हा नकळत मंडळीचा शिक्षक होतो, आणि शिक्षकाची जबाबदारीही त्याच्यावर येते.

१. गीत का रचले जाते?

पवित्र शास्त्रातील गीते कोणी रचली ते पाहा. मिर्यामेने समुद्र ओलांडल्यावर गाइले (निर्गम १५). दबोरेने लढाईनंतर गाइले (शास्ते ५). हन्नाने आपले लेकरू मंदिरात देऊन टाकल्यावर गाइले (१ शमुवेल २). मरीयेने आपली नातलग अलीशिबा हिच्या घरी देवाचा महिमा वर्णिला (लूक १). यांपैकी कोणाचाही गाण्याचा व्यवसाय नव्हता. देवाने काहीतरी केले आणि ते साध्या बोलण्यात मावेना, म्हणून गीत झाले.

आजही आपले लोक मुख्यतः चार कारणांनी लिहितात, असे आमच्या पाहण्यात आले आहे. पहिले कारण उपकारस्मरण : आजार बरा झाला, कर्ज फिटले, मुलगी सुखरूप बाळंत झाली. दुसरे कारण दुःख. तिसरे कारण प्रसंग : नाताळ, पुनरुत्थानाचा सण, कापणीचा सण, मंडळीचा वर्धापनदिन, कोणाचे लग्न. चौथे कारण शिकविणे : शब्बाथशाळेच्या शिक्षिकेला मुलांकडून बारा शिष्यांची नावे पाठ करून घ्यायची असतात, म्हणून ती त्यांना चाल लावते.

दुःखातून आलेल्या गीताचे एक उदाहरण जगभर गाइले जाते. जोसेफ स्क्रिव्हन हा आयर्लंडचा मनुष्य कॅनडात राहत होता. १८५५ साली दूर मायदेशी असलेल्या आपल्या आईला धीर मिळावा म्हणून त्याने येशूच्या मैत्रीविषयी काही कडवी लिहिली. ती छापावी असा त्याचा हेतू नव्हता. 'व्हॉट अ फ्रेंड वुई हॅव इन जीझस' ते हेच. एका आईसाठी लिहिलेली ओळ असंख्य आयांच्या कामी आली.

पाचवे एक कारणही आहे, आणि ते आपण लपवू नये. आपले नाव पुकारले जावे, लोकांनी "हे यांनी केलं बरं का" असे म्हणावे, ही इच्छा. आम्हीही चार गीते रचली आहेत, आणि त्यांतील एकाच्या वेळी निवेदकाने नाव घेतले नाही म्हणून आम्ही जेवणाच्या पंगतीत गप्प बसलो होतो, हे येथे कबूल करतो. आमोस संदेष्ट्याच्या काळी दाविदाप्रमाणे नवनवी वाद्ये योजणारे पुष्कळ होते (६:५), पण न्यायाविना आलेला त्यांच्या गीतांचा गलबला देवाला नकोसा झाला होता (५:२३). तथापि हेतूत थोडी भेसळ आढळली म्हणून गीत फाडून टाकावे असे आम्ही म्हणणार नाही. शुद्ध हेतूची वाट पाहत बसलो तर कोणी प्रार्थनाही करणार नाही. हेतू देवापुढे मांडावा, आणि तो शुद्ध करून घ्यावा.

२. हौशी गीतकाराच्या सवयी

(अ) एका बैठकीचे गीत. "रात्री दोनला जाग आली आणि सगळं गीत एका दमात उतरलं," असे पुष्कळजण सांगतात, आणि त्यात खोटे काही नसते. चूक पुढे होते. आत्म्याने दिले, आता एकही शब्द हलवायचा नाही, असे ते ठरवितात. पण ११९ वे स्तोत्र पाहा. इब्री भाषेच्या २२ अक्षरांपैकी प्रत्येकासाठी ८ वचने, अशी त्यात १७६ वचने आहेत. हे काम बसून, मोजून, पुन्हा पुन्हा करून झालेले आहे. आत्मा रात्री दोनला जसा काम करतो तसा दुसऱ्या दिवशी खोडरबर हाती असतानाही करतो.

(आ) उसनी चाल. नव्या गीतांपैकी पुष्कळ गीते सिनेमाच्या चालीवर असतात. यावर आपल्याकडे जुना वाद आहे. उसनी चाल हे मुळात पाप नव्हे. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी ख्रिस्ती भक्ती अभंग आणि ओवी यांत आणली, ती आपल्या लोकांच्या कानांना आणि जिभेला या चाली ओळखीच्या होत्या म्हणूनच. चाल आधी असण्यातही दोष नाही. अमेरिकेतील अंध गीतलेखिका फॅनी क्रॉस्बी यांच्यापुढे १८७३ साली एका मैत्रिणीने नवी चाल वाजवली, आणि 'ब्लेसेड अॅश्युरन्स' या गीताचे शब्द त्या चालीतून आले. आमची कसोटी एवढीच : पेटीवर चाल सुरू होताच लोकांच्या मनात आधी कोणते शब्द येतात? नायक-नायिका डोळ्यांपुढे येत असतील, तर ती चाल आपल्या शब्दांना जागा देणार नाही.

(इ) यमकाची ओढ. 'तारण' आले की 'कारण' येते, 'चरणी' आले की 'करणी' आणि 'धरणी' येतात, 'प्रीती' आली की 'भीती' आणि 'रीती' ठरलेल्याच. मात्रा कमी पडली की 'हो', 'रे' आणि 'प्रभू' भरले जातात. प्रभूचे नाव रिकामी जागा भरण्यासाठी घेणे बरे नव्हे. यमक जुळले म्हणून अर्थ जुळला असे होत नाही. हे कडवे गद्यात वाचले तर काही सांगते काय, हे पाहावे.

(ई) फार उंच भाषा. बोलताना साधे बोलणारे आपले बांधव लिहावयास बसले की 'हे करुणासिंधो' असे सुरू करतात. इंग्लंडमधील ओल्नी गावचे पाळक जॉन न्यूटन (१७२५-१८०७) यांचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. पूर्वी ते गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजांवर कप्तान होते. ओल्नीत बरेच लोक घरोघरी लेस विणून पोट भरीत. त्यांच्या प्रार्थनासभेसाठी न्यूटन गीते रचीत. त्यांची आणि त्यांचे मित्र कवी विल्यम कूपर यांची ३४८ गीते १७७९ साली पुस्तकरूपाने निघाली. प्रस्तावनेत न्यूटन म्हणतात की साध्या लोकांनी गावयाच्या गीतांत स्पष्टता आणि सोपेपणा हवा, आणि काव्याचा रंग फार जपून वापरावा. ज्यांच्यासाठी लिहितो त्यांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

(उ) शेवटच्या ओळीत नाव. ही आपल्या मराठी मातीची सवय. संतांच्या अभंगांत शेवटी कवीची नाममुद्रा येते. टिळकांनीही ती ठेवली, पण आपली मुद्रा केली 'दास'. नाव घातलेच पाहिजे असे ज्याला वाटते त्याने या एका शब्दाचा विचार करावा.

३. एका कडव्याची गोष्ट

आता आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. आमची मंडळी सीमाभागातील एका तालुक्याच्या गावी आहे. काही वर्षांपूर्वी तेथील एका वयस्क शिंपीकाकांनी आमच्याकडे तीन कडव्यांचे गीत आणले. त्या संध्याकाळी गायनाचा सराव चालू होता आणि तरुण मंडळी जमली होती. आम्ही कागद उभ्याने वाचू लागलो. दुसऱ्या कडव्यात अशा अर्थाचे होते की रात्रभर मी हाक मारली, देवा, तू मला विसरलास काय? ईश्वरविज्ञानाची पदविका घेऊन आम्हांला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. आम्ही सर्वांसमक्ष म्हणालो, "काका, देव कोणाला विसरत नाही. हे शास्त्राला धरून नाही. हे कडवं काढावं लागेल."

काका "बरं, मास्तर" एवढेच म्हणाले. त्यांनी कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि सराव संपेपर्यंत झांजा वाजवीत बसले. ते गीत गाइले गेले नाही. पुढे त्यांनी दुसरेही आणले नाही. आमच्या ते ध्यानातही आले नाही.

दोन वर्षांनी एका गृहसभेसाठी आम्ही १३ वे स्तोत्र तयार करीत होतो. त्याच्या पहिल्याच वचनात दावीद देवाला विचारतो की तू मला कोठवर विसरणार? मग ४२ वे उघडले. नवव्या वचनात कोरहाचे पुत्र आपल्या दुर्गाला, देवाला, तेच विचारतात. ८८ वे तर अंधारातच संपते. म्हणजे जे कडवे आम्ही शास्त्राला धरून नाही म्हणून काढावयास सांगितले, ते शास्त्रातच तीन ठिकाणी आमच्यापुढे उभे होते.

आम्ही दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. काका पँटला काज करीत होते.

"काका, ते गीत आहे का तुमच्याजवळ?"

"आहे की. बसा."

"मी चुकलो त्या दिवशी."

त्यांनी सुई खाली ठेवली. "पोरगा दवाखान्यात होता, मास्तर. बारावी रात्र होती. तेव्हा लिहिलं ते. तुम्ही तिसरं कडवं वाचलंच नाही."

खरेच आम्ही वाचले नव्हते. तिसऱ्या कडव्यात उजाडल्याचे होते, आणि रात्रभर तू येथेच होतास हे मला आता कळले, असे होते. १३ वे स्तोत्रही असेच शेवटच्या दोन वचनांत गाण्याकडे वळते. दुसरे कडवे काढले असते तर तिसऱ्याला अर्थच उरला नसता.

आम्ही क्षमा मागितली. काका म्हणाले, "त्याचं राहू द्या. पण पहिल्या कडव्याच्या चौथ्या ओळीत दम पुरत नाही. ते मात्र तुम्ही बघा." त्या ओळीतील दोन शब्द आम्ही दोघांनी मिळून गाळले. आज आमच्याकडे कोणाच्या घरी आजार असला की ते गीत म्हटले जाते. पण मधली दोन वर्षे ज्या घरांत ते म्हणता आले असते, त्या घरांचा हिशेब आमच्याकडे आहे.

४. दुरुस्ती कोणी करावी आणि कशी?

यावरून कोणी म्हणेल की मग दुरुस्ती नकोच. तसेही नाही. पौल म्हणतो की तुम्ही एकत्र जमता तेव्हा प्रत्येकाजवळ काही असते, कोणाजवळ स्तोत्र, कोणाजवळ शिक्षण. आणि सर्व काही उन्नतीसाठी होऊ द्या (१ करिंथ १४:२६). "प्रत्येकाजवळ" या शब्दाने शिंप्यालाही दार उघडते. "उन्नतीसाठी" या शब्दाने त्याच दारावर कसोटी येते.

शास्त्रातील गीतेही एकाच रूपात राहिली नाहीत. १४ वे आणि ५३ वे स्तोत्र शेजारी ठेवून वाचा. गीत जवळजवळ एकच, पण पहिल्यात जेथे 'परमेश्वर' आहे तेथे दुसऱ्यात 'देव' आहे, आणि इतरही थोडे फरक आहेत. दाविदाचे मोठे उपकारगीत २ शमुवेल २२ मध्ये आहे आणि १८ व्या स्तोत्रातही आहे. दोहोंत बारीकसारीक फरक आढळतात. गीत वापरात आले की ते लोकांच्या हाती जाते.

ज्यांना हे जड वाटते त्यांना सोबत मोठी आहे. जॉन वेस्ली यांनी १७८० च्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत विनंती केली होती की आमची गीते छापावयाची तर खुशाल छापा, पण त्यांत सुधारणा करू नका. याच वेस्लींनी इतरांच्या गीतांत मात्र फेरफार केले होते! त्यांचे बंधू चार्ल्स यांचे १७३९ मधील नाताळगीत आज 'हार्क द हेरल्ड एंजल्स सिंग' म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु ही सुरुवात चार्ल्स यांची नव्हे, ती जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी १७५३ साली बदललेली आहे. बदललेली ओळच लोकांच्या मुखी राहिली.

आणि न्यूटन यांचे 'अमेझिंग ग्रेस' घ्या. १७७३ च्या नववर्षदिनी ओल्नीत वापरण्यासाठी ते लिहिले गेले. आज ज्या चालीवर सारे जग ते गाते, ती चाल त्याला अमेरिकेत १८३५ साली जोडली गेली, न्यूटन यांच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी. आपल्या गीताची सर्वांत प्रसिद्ध चाल रचणाऱ्याने कधी ऐकलीच नाही.

म्हणून या पाठाचे सार आम्ही दोन वाक्यांत सांगतो. गीतकाराने आपले गीत मंडळीच्या हाती सोडून द्यावे. आणि मंडळीने ते जपून हाती घ्यावे, कारण त्या कागदात कोणाची तरी बारावी रात्र असू शकते.

५. जे गाइले जात नाही त्याचे काय?

शलमोनाची गीते १००५ होती असे १ राजे ४:३२ मध्ये लिहिले आहे. स्तोत्रसंहितेत त्याच्या नावावर दोनच आहेत, ७२ वे आणि १२७ वे. एवढ्या ज्ञानी राजाची ही कथा, मग आपल्या वहीतील वीसांपैकी एखादे गीत मंडळीत टिकले तर तक्रार कसली? उरलेली वाया गेली असेही समजू नये. ती प्रार्थनेची वही आहे. तिचा वाचक देव आहे.

आणि जो थांबला त्याचे काम दुसरे कोणी पुढे नेते. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले, पण १९१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते अपुरेच होते. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेला फार मोठा भाग रचून ते पुरे केले. दाविदाने गायकांच्या पाळ्या ठरविल्या तेव्हाही लहान-मोठा, गुरु-शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्या टाकल्या (१ इतिहास २५:८).

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मंडळ्यांना या कामाची विशेष गरज आहे. आमच्या सीमाभागात मुले शाळेत कन्नड किंवा इंग्रजी शिकतात. इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील मुलांची शाळेची भाषाही बहुधा दुसरीच असते. अशा पुष्कळ मुलांना मराठी प्रार्थना जमत नाही, पण मराठी गीत जमते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, ते नव्या ख्रिस्ती लोकांना सोडलेल्या पुराणांच्या जागी आपल्या भाषेत काही हवे होते म्हणून. ती भूक आजही आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

मुलांकडून एक गीत रचून घ्या. एकच वचन निवडा, ओळखीची साधी चाल घ्या, आणि चारच ओळी करा. चाल वरच्या षड्जाच्या पलीकडे नेऊ नका. मुले तेथे ओरडू लागतात. प्रत्येक ओळ एका श्वासात पुरी होते का ते पाहा. ज्या मुलाची ओळ घेतली नाही त्याला तीच ओळ चित्राखाली लिहावयास सांगा. आठ दिवसांनी पुन्हा म्हणवून घ्या. जो शब्द मुले आपोआप बदलतात तो बहुधा बदलण्याजोगाच असतो.

गीत दाखविणाऱ्याला उत्तर देताना हे तीन नियम पाळा : गीत शेवटपर्यंत वाचा, ते कोणत्या प्रसंगी लिहिले ते आधी विचारा, दुरुस्ती चारचौघांत सांगू नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणाची गीते गाइली जातात? त्यांतील किती रचणारे आपल्याला ठाऊक आहेत?
२. १३ वे स्तोत्र आज कोणी नवे लिहून आणले असते, तर आपण ते उपासनेत गाऊ दिले असते काय?
३. सिनेमाच्या चालीवर गीत बसवावे की नाही? आपली कसोटी कोणती?
४. आपले गीत दुसऱ्याने बदलले तर आपल्याला काय वाटते? ते का वाटते?
५. आपण कधी कोणाचा कागद परत केला आहे काय? त्याच्या दुकानी किंवा घरी जाण्यास अजून वेळ आहे काय?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या वह्या तू पाहिल्या आहेस. जे नावासाठी लिहिले ते शुद्ध कर. जे रात्री रडून लिहिले ते कोणाच्या तरी रात्री उपयोगी पडू दे. आणि दुसऱ्याचा कागद हाती येईल तेव्हा तो शेवटपर्यंत वाचण्याची सबुरी आम्हांस दे. आमेन.